उघड्या विटेची लाज
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्या काळी ऑईलपेंट नव्हता, नाहीतर 'भिंत पाहावी रंगवून' असे तिसरे कलमही त्याने घातले असते. आमच्या कृष्णाकाठच्या खेड्यांतून एस. टी. ने जाताना खिडकीबाहेर पाहावे, तर पोपटी, गुलाबी, जांभळ्या, केशरी भिंतींची जत्रा भरलेली दिसते. त्यात एखादे घर तांबड्या विटांचे, तसेच उघडे असले की शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो, "बिचार्‍याचे पैसे संपलेले दिसतात." या एका वाक्याविरुद्ध मला हा लेख लिहावासा वाटतो.

माझे मत आधीच सांगून टाकते. चांगली भाजलेली वीट ही लाज वाटावी अशी वस्तू नाही. तिच्यावर बाहेरून ऑईलपेंटसारख्या बंद रंगाचे कातडे चढवणे हे बहुतेक वेळा पैशाचे नुकसान असते, आणि पुष्कळदा भिंतीचेही. रंग हवाच असेल तर आपल्या आजीच्या हातचा चुना आणि गेरू अजून बाजारात मिळतो.

कलाशाखेच्या मुलीने हा विषय का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. माझे वडील गवंडी आहेत आणि आई त्यांच्याच हाताखाली बिगारी काम करते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मराठीच्या तासाला शब्दांच्या छटा समजू लागल्या त्याच्या कितीतरी आधी मला विटांच्या छटा समजत होत्या. कच्ची वीट पिवळट, नीट भाजलेली तांबडी, जास्त जाळ लागलेली काळपट. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे, नखाने ओरखडा उठता कामा नये, कमरेच्या उंचीवरून मातीवर पडली तर तुकडे होता कामा नयेत. ही परीक्षा आमच्या दारात नेहमी चालते आणि तिच्यात कॉपी करता येत नाही.

वीट म्हणजे गाळाची माती, पाणी, साचा, ऊन आणि भट्टीतला सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसचा जाळ. मातीत लोह असते. जाळात त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि विटेला तांबडा रंग येतो. गेरूचा तांबडेपणाही त्याच लोहाचा. म्हणजे विटेला रंग देण्याचे काम भट्टीने एकदा केलेलेच असते, आणि तेही आरपार. वीट मधोमध फोडून पाहा, आतही तोच रंग दिसेल. असा रंग कोणत्याही डब्यात मिळत नाही.

आता पाण्याचे पाहू. विटेत बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून ती पाणी पिते. भारतीय मानकाप्रमाणे (आय. एस. १०७७) साधी वीट २४ तास पाण्यात बुडवून ठेवली, तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये असा नियम आहे. तीन किलोची वीट धरली तर नियमात बसूनही ती सहाशे ग्रॅम पाणी पोटात घेऊ शकते. हे पाणी पावसाचे असते, जोत्याखालून चढणार्‍या ओलीचे असते, मोरीचे आणि चुलीवरच्या वाफेचेही असते. उघडी भिंत पावसात भिजते आणि उघडीप मिळाली की वार्‍याने वाळते. तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो.

अशा भिंतीवर ऑईलपेंट चढवला म्हणजे काय होते? पुढून पाणी शिरत नाही हे खरे. पण पाणी पुढूनच येते असे कोणी सांगितले? ते जमिनीतून येते, गच्चीच्या कठड्यावरून येते, खिडकीखालच्या चिरेतून येते. येण्याच्या वाटा चार आणि जाण्याची वाट बंद, अशी स्थिती होते. विटेतले आणि मातीतले क्षार या पाण्यात विरघळतात, पृष्ठभागाकडे सरकतात आणि पाणी आटले की स्फटिक होऊन बसतात. उघड्या भिंतीवर हा लोणा पांढर्‍या भुकटीसारखा दिसतो आणि कोरड्या ब्रशने झाडता येतो. रंगाखाली तो साचला की रंगाला आतून ढकलतो. मग फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि पोपड्याबरोबर विटेची पापडीही निघते. घरमालक रंगार्‍याला शिव्या देतो, रंगारी कंपनीला देतो, आणि पुढच्या वर्षी पोपडे खरवडून त्याच भिंतीवर तोच रंग पुन्हा चढतो.

'रंग लावणे' या एकाच क्रियापदात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक रंग भिंतीवर बसतो आणि दुसरा भिंतीत मुरतो. ऑईलपेंट बसणारा आहे. चुना आणि गेरू मुरणारे आहेत. चुनकळी पाण्यात विरवावी, चांगली भिजू द्यावी, फडक्यातून गाळावी, थोडे डिंकाचे पाणी घालावे आणि पातळ करून ओल्या भिंतीवर मारावी. भिंतीवरचा हा चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर धरतो. पण तो थर सच्छिद्र असतो, वाफेला अडवत नाही. त्यात गेरू कालवला की तांबूस, पिवळी माती कालवली की पिवळसर, किंचित नीळ घातली की शुभ्र. परदेशातही हाच विचार झाला आहे. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम याने १८७८ साली पोटॅशियम सिलिकेटच्या रंगांचे पेटंट घेतले. ते रंग खनिज भिंतीशी रासायनिक रीतीने एकजीव होतात आणि तिला कोंडत नाहीत. विटेचा रंग बदलायचाच असेल तर तो असा मुरवावा.

शिवाय बंद रंग एकदा लावला की मागे फिरता येत नाही. विटेच्या दर्शनी बाजूला भट्टीत भाजलेली एक कठीण त्वचा असते. तारेच्या ब्रशाने किंवा वाळूच्या मार्‍याने रंग काढायला जावे तर आधी ही त्वचा जाते आणि वीट पहिल्यापेक्षा जास्त पाणी पिऊ लागते. लावण्याचा निर्णय एका दिवाळीचा असतो. त्याचा खर्च मात्र पुढच्या प्रत्येक दिवाळीला दारात उभा राहतो.

कोणी म्हणेल, उघडी वीट टिकते कुठे? विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगडात सिरपूरचे लक्ष्मण मंदिर आहे. ते सातव्या शतकातले, विटांचे, आणि विटांवरच कोरीव काम केलेले; ते आजही उभे आहे. आपल्या शनिवारवाड्याच्या तटात खाली दगड आणि वर वीट आहे. तो वाडा १७३२ साली बांधून झाला. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर लॉरी बेकर (१९१७–२००७) यांचे घ्यावे. जन्माने इंग्रज, पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी केरळात काढला आणि १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था त्यांनी बिनगिलाव्याच्या विटांत उभारली. केरळात पाऊस आपल्या सांगली-सातार्‍याच्या कितीतरी पट पडतो. बेकर यांनी विटा उघड्या ठेवल्या आणि छप्पर भिंतीबाहेर पुढे काढले. पावसापासून भिंत वाचवण्याचे काम वळचणीचे आहे, हे आपल्या कौलारू घरांनाही ठाऊक होते. सिमेंटच्या सपाट पत्र्यासारख्या छपराखाली आपण ते विसरलो आणि ते काम रंगाच्या डब्याकडे मागू लागलो.

माझ्या मतावर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की सगळ्याच विटा चांगल्या नसतात. खरे आहे. कच्च्या विटेची भिंत उघडी ठेवणे म्हणजे पोराला पावसात उभे करणे. तिथे गिलावा हवाच, आणि गिलाव्यावर चुन्याचा हात. दुसरा आक्षेप आईचा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ती म्हणते, "तुला चुना आवडतो, पण दसर्‍याला भिंती पोतारायला कोण बसतं? बायकाच ना?" चुन्याने तिच्या बोटांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. वर्षाचे सगळे पोतारणे बाईवर आणि एकदाच्या रंगाची मिजास पुरुषाची, ही वाटणी मला मान्य नाही. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर ऑईलपेंट नव्हे. हातात मोजे घालावेत आणि घरातल्या भावांनी कुंचा धरावा. उघड्या विटेला तर दरवर्षी काही लागतही नाही. दरजा नीट भरलेल्या असल्या आणि जोत्यापाशी पाणी साचत नसले म्हणजे झाले.

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही, पण खरे राज्य त्याचेच आहे. 'लोक काय म्हणतील?' आमचे घर दोन वर्षांपूर्वी झाले. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे. या पैशात घर कसे उभे राहते ते ज्याचे त्याला माहीत. आमच्या भिंती वडिलांनी स्वतः उचलल्या. थर ओळंब्यात, एकही उभा सांधा दुसर्‍यावर आलेला नाही, दरजा एकसारख्या. एवढी स्वच्छ भिंत गावातल्या मोठ्या बंगल्यालाही नाही, कारण बंगल्याची भिंत गिलाव्याखाली झाकली जाणार हे गवंड्याला माहीत असते. पण थोरल्या बहिणीला पाहायला आलेले पाहुणे ओट्यावर बसून म्हणाले, "घराला अजून रंगसुद्धा नाही." तेव्हापासून वडिलांनी रंगाचा ध्यास घेतला आहे. रंगार्‍याने चौदा हजार सांगितले. एवढ्यात माझ्या वसतिगृहाचे आणि खाणावळीचे निम्म्याहून अधिक वर्ष निघते. उसने काढायचे तर बहिणीच्या लग्नाआधीच कर्जाला सुरुवात होते.

मला पैशापेक्षाही एक गोष्ट अधिक खुपते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसर्‍यांची घरे ओळंब्यात बांधली, त्याला स्वतःच्या हातची कारागिरी लोकांपुढे उघडी ठेवायला लाज वाटावी, हे कसले शिक्षण आपण त्याला दिले? भट्टीवर उचल घेऊन सहा-सहा महिने राबणारी कुटुंबे वीट थापतात, त्यांच्या पोरांच्या बोटांचे ठसे कधीकधी विटेवर उमटलेले असतात. आपण ती वीट विकत घेतो आणि पहिले काम करतो ते ते ठसे झाकण्याचे. ज्या महाराष्ट्राचा देव पुंडलिकाच्या विटेवर उभा आहे, त्या महाराष्ट्राला विटेची एवढी लाज वाटावी याचे नवल वाटते. ती वीट कोणी रंगवून दिली होती असे मी तरी ऐकलेले नाही.

वडिलांशी माझा वाद अजून संपलेला नाही. मी त्यांच्यापुढे हिशेब मांडला आहे: चौदा हजारांपैकी तीन हजारांत दारावरचा छज्जा पुढे काढावा, जोत्याभोवती फरशीचा उतार करावा, ओट्यापुरता गेरूचा हात द्यावा आणि बाकी भिंत जशी आहे तशी ठेवावी. ते ऐकून घेतात आणि "बघू" म्हणतात. त्यांच्या 'बघू'मागे सारा गाव उभा आहे, म्हणून हा लेख मी त्यांच्यापेक्षा गावासाठी, आणि गावात उद्या शिकलेले म्हणून ज्यांचे ऐकले जाईल अशा आपणा सर्वांसाठी लिहिला.

शेवटी एक सूचना. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात दरवर्षी एखाद्या गावाच्या भिंती रंगवल्या जातात आणि त्यांच्यावर सुविचार लिहिले जातात. यंदा आपण डब्यांऐवजी चुनकळी, गेरू आणि दोन थाप्या घेऊन जावे. भिंत आधी तपासावी. वीट चांगली असेल तर फक्त दरजा भराव्यात, कच्ची असेल तर चुन्याचा हात द्यावा. शिकवायला गवंडी लागेल. त्याला मात्र शिबिराचा पाहुणा म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी, आणि मजुरी चुकती करावी. माझ्या माहितीतला एक चांगला गवंडी मी सुचवू शकते.