बोलका विद्यार्थी आणि सहभागी विद्यार्थी

परदेशातील वर्गाशी इंटरनेटवरून जोडून घेतलेल्या भाषाशिक्षणाच्या उपक्रमांत कोण रमतो आणि कोण मागे पडतो, याचा विद्यार्थ्याच्या स्वभावाशी संबंध असतोच. पण कोणता स्वभाव उपयोगी पडेल, हे बऱ्याच अंशी कामाची आखणी ठरवते.

व्हिडिओ कॉलवर बहिर्मुख विद्यार्थ्याची सरशी होते. लेखी, सवडीने चालणाऱ्या चर्चेत मात्र अबोल विद्यार्थ्यालाही विचार करून लिहायला उसंत मिळते. अमेरिकेतील एमआयटीत १९९७ साली सुरू झालेला ‘कल्चुरा’ प्रकल्प याचे चांगले उदाहरण आहे. अमेरिकी आणि फ्रेंच विद्यार्थी एकच प्रश्नावली आपापल्या भाषेत, नाव न देता भरत. दुकानात एखादी आई मुलाला थप्पड मारताना दिसली तर काय वाटेल, अशा प्रसंगांवरची दोन्हीकडची उत्तरे शेजारीशेजारी मांडली जात. पुढची लेखी चर्चाही प्रत्येकाने स्वभाषेतच करायची. परभाषेत चुकण्याची धास्ती नसल्याने बुजऱ्यालाही मनातले नेमके मांडता येई.

व्हॅन डर झी आणि व्हॅन औडेनहोवेन यांच्या बहुसांस्कृतिक व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीत सामाजिक पुढाकार हा पाचांपैकी एकच घटक आहे. सांस्कृतिक समानुभूती, मनाचा खुलेपणा, भावनिक स्थैर्य आणि लवचिकता हे उरलेले चार. वर्गात गुण मात्र बहुधा सामाजिक पुढाकारालाच मिळतात, कारण तो मोजायला सोपा. वीस वेळा ‘छान!’ लिहिणारा पुढे जातो. ‘तुमच्याकडे आजी-आजोबा वेगळे राहतात, ते कोणाच्या इच्छेने?’ असे एकदाच विचारणारा मागे राहतो. खुलेपणा दिसतो तो या प्रश्नात.

सौजन्याचीही एक अडचण आहे. समोरच्याला दुखवायला नको म्हणून मतभेद टाळले, की गाडी सण आणि खाद्यपदार्थांपुढे सरकत नाही. याउलट शिस्त आणि नेटकेपणा हे गुण कंटाळवाणे वाटतात खरे. पण पलीकडचा जोडीदार उत्तराची वाट पाहत असतो आणि उशिराचा अर्थ तो बेपर्वाई असा लावतो, मग कारण परीक्षा असो वा गणपतीची सुट्टी.

व्यक्तिमत्त्व चाचणी लावून विद्यार्थी निवडणे मात्र गैर ठरेल. ज्याचा खुलेपणा कमी, त्यालाच अशा अनुभवाची गरज अधिक असण्याचा संभव आहे. चाचणीचा उपयोग जोड्या लावताना करावा. गुण देताना नोंदी मोजण्याऐवजी जोडीदाराच्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारला का, ते पाहावे.