आरोपाविना तुरुंग

ज्याला आपला गुन्हाच ठाऊक नाही, त्याने बचाव कशाचा करावा? इस्रायलची लष्करी सत्ता पॅलेस्टिनी माणसाला आरोपाविना स्थानबद्ध करते. गुप्त पुरावा त्याच्या वकिलालाही दाखवीत नाही. सहा महिन्यांची मुदत पुनःपुन्हा वाढविते. २०१२ साली खादर अदनान यांनी ६६ दिवस अन्नत्याग करून या प्रथेला आव्हान दिले. २०१७ साली हजारांवर कैद्यांनी अन्न सोडून आप्तांच्या भेटी व औषधोपचार मागितले. तेच अदनान पुढील एका कैदेत, २ मे २०२३ रोजी, उपोषण चालू असतानाच मृत्यू पावले. सुरक्षेचे कारण सांगता? मग खटला भरा, पुरावा मांडा, नाहीतर सोडा! आरोपाविना कोंडणे हा कायद्याच्या वेषातील जुलूमच होय. वाचकहो, त्या उपाशी कैद्यांच्या बाजूने निर्भयपणे उभे राहा.