टाके निघाले, अहवाल वाचला का?

गर्भवतीच्या पोटात दुखू लागले, की ‘या दिवसांत असे व्हायचेच’ म्हणून घरची मंडळी तिला धीर देतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण प्रसूतीशी संबंध नसलेली, गर्भारपणात सर्वाधिक करावी लागणारी तातडीची शस्त्रक्रिया अपेंडिक्सची असते. काढलेल्या शंभर अपेंडिक्सपैकी सुमारे एकात गाठ सापडते. त्यातील सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात. काही मात्र असतात.

गर्भारपणात हे निदान अवघड होते. मळमळ, उलट्या नेहमीच्याच. रक्तातील पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या. किरणोत्सर्गामुळे सीटी स्कॅन शक्यतो टाळला जातो. अशा वेळी आधी सोनोग्राफी आणि तिने उलगडा न झाल्यास कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय, हा मार्ग आहे. शस्त्रक्रियेच्या भीतीने थांबणे मात्र महागात पडते. दाह झालेला अपेंडिक्स फुटला, तर गर्भाला असलेला धोका शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा कितीतरी अधिक असतो.

गाठीचा पत्ता बहुधा शस्त्रक्रियेनंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. म्हणून काढलेला प्रत्येक अपेंडिक्स तपासणीला गेलाच पाहिजे आणि त्याचा अहवाल डॉक्टरांनी रुग्णाला समजावून सांगितला पाहिजे. टाके निघाले म्हणजे प्रकरण संपले, असे नव्हे.

अहवालात कर्करोग आढळला, तरी ‘आई की बाळ’ असा पेच दरवेळी पडत नाही. न्यूरोएंडोक्राइन प्रकारची, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, न पसरलेली गाठ असेल तर बहुतेकदा अपेंडिक्स काढणे पुरेसे ठरते आणि गर्भारपण पुढे चालू राहते. गाठ मोठी असल्यास मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढावा लागू शकतो. श्लेष्मल गाठ फुटून चिकट द्रव पोटात पसरला असेल, तर पोटात गरम केमोथेरपी सोडण्याची मोठी शस्त्रक्रिया सहसा प्रसूतीनंतर केली जाते. केमोथेरपी पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. नंतर काही औषधे देता येतात.

हे निर्णय एकट्या डॉक्टरचे नव्हेत. शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ते घ्यावेत. त्या चर्चेत कुटुंबाच्या आधी त्या स्त्रीचे म्हणणे ऐकले जावे. आजार दुर्मीळ आहे, म्हणून तो शोधायचाच नाही, हे परवडणारे नाही. अंगावर काढलेले दुखणे आणि फाइलमध्ये न वाचता पडलेला अहवाल, या दोन्ही गोष्टी टाळणे आपल्या हातात आहे.