उंबरठ्यावरच्या वहाणा

घरात शिरताना जोडे बाहेर काढावेत की नाही, हा प्रश्न पक्षाच्या मुखपत्राने हाती घ्यावा याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. कापसाचा भाव, वाळूज-चिकलठाण्यातील कंत्राटी कामगार, मराठवाड्याचे पाणी हे विषय समोर असताना पायपुसण्याजवळच्या वादाला जागा का द्यावी, असेही कोणी विचारील. परंतु जी गोष्ट सर्वांना क्षुल्लक वाटते, तिच्याच आड समाजाचे खरे व्यवहार निर्धास्तपणे चालत असतात. उंबरठा ही अशीच एक जागा आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हा वाद नेहमी निघतो. गोरा शेजारी बूट घालून थेट दिवाणखान्यात येतो. त्याला अडवावे की पाहुणा म्हणून सोडून द्यावे, यावर नवराबायकोत मतभेद होतात. मग चर्चा बुटांवर थांबत नाही. एक पक्ष म्हणतो, आम्ही पौर्वात्य मुळातच शुचिर्भूत, पाश्चात्त्यांना स्वच्छतेचा गंध नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पाहुण्याला अनवाणी करणे हे मागासलेपणाचे लक्षण. दोघांनाही वाटते की आपण संस्कृतीविषयी बोलत आहोत. प्रत्यक्षात दोघेही वंशाविषयी बोलत असतात, आणि दोघेही चुकत असतात.

वस्तुस्थिती काय सांगते? जपानी घरात शिरताच जोडे काढण्यासाठी खालच्या पातळीची खास जागा असते. कोरियात आणि तुर्कस्तानातही जोडे बाहेरच राहतात. परंतु स्वीडन, नॉर्वे, फिनलंड हे देशही जोडे काढणाऱ्यांतलेच आहेत, आणि तेथील लोक गोरेच आहेत. सहा महिने बर्फ आणि चिखल तुडवणारा मनुष्य बूट घरात आणीत नाही, याला वंश कारण नसून हवामान कारण आहे. जेथे मनुष्य जमिनीवर बसतो, जमिनीवर जेवतो आणि जमिनीवरच अंथरूण टाकतो, तेथे जमीन म्हणजे ताट आणि बिछाना दोन्ही. तेथे जोडे आत येत नाहीत. खुर्ची-टेबल आणि लोखंडी शेगडीच्या भोवती ज्यांचे घर उभे राहिले, त्यांना जमिनीचे तेवढे महत्त्व वाटले नाही. राहणीतून रीत आली. रीतीला रक्ताचा रंग आपण मागाहून लावला.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. खुलताबादच्या दर्ग्यात, पाणचक्कीच्या आवारातील बाबा शाह मुसाफिरांच्या मजारीपाशी, वेरूळच्या घृष्णेश्वरात, शहरातील बुद्धविहारांत आणि गुरुद्वारात जोडे बाहेरच ठेवावे लागतात. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत शिरतानाही पर्यटक जोडे काढतो. तेथे कारण भक्तीचे नसून चित्रांच्या जतनाचे आहे. ज्या जिल्ह्यात धर्माच्या नावाने इतके काही झाले, तेथे ही एक सवय सर्वांची सामायिक आहे. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, म्हणून तिच्यावर कोणी श्रेष्ठत्वाचा झेंडा रोवण्याचेही कारण नाही.

मग वाद येथेच मिटावयास हवा होता. तो मिटत नाही, कारण जोडे काढणे आणि जोडे काढावयास लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत स्वच्छता असते, दुसरीत सत्ता असते. इंग्रजी अमदानीत हा फरक फार उघडपणे दिसला. दरबारात आणि कचेरीत एतद्देशीयांनी जोडे काढूनच साहेबासमोर उभे राहावे, हा दंडक होता. मुंबई इलाख्यातील सुरतेच्या न्यायालयात १८६२ साली माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी तो मोडला. बूट काढण्यास त्यांनी ठाम नकार दिला आणि त्यावरून मोठा गदारोळ उठला. सरकारनेही हळूहळू वाट काढली. पण ती कशी? युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्यास सवलत, देशी जोडे घालणाऱ्यास मात्र जुनाच दंडक. १८७४ साली ईश्वरचंद्र विद्यासागर यांना कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीच्या दारावर अडवण्यात आले, ते त्यांच्या पायांत देशी चपला होत्या म्हणून. बूट घातलेला त्यांच्या देखत आत जाऊ शकत होता. विद्यासागर चपला न काढता परत फिरले. तेथे प्रश्न धुळीचा असता, तर साहेबी बुटाची धूळ वेगळी ठरली नसती.

ब्रह्मदेशात याच प्रश्नाने उलट रूप घेतले. तेथे राज्यकर्ते युरोपीय बूट घालूनच पॅगोड्यांत फिरत आणि बौद्ध जनता ते निमूटपणे पाहत असे. पुढे तेथील तरुणांनी या प्रश्नावर चळवळ उभी केली आणि १९१९ साली मंडालेच्या एका पॅगोड्यात भिक्षूंनी बूटधारी युरोपीयांना बळाने बाहेर काढले. भारतात राष्ट्राभिमानाने बूट घालण्याचा हक्क मागितला, ब्रह्मदेशात बूट काढावयास लावण्याचा हक्क मागितला. मागण्या परस्परविरुद्ध दिसतात, पण आशय एकच आहे: आमच्या दारात आमचा मान आणि तुमच्या दारात आमचा अपमान नको. जोड्याचा अर्थ चामड्यात नसतो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांमधल्या नात्यात असतो.

साहेबाच्या अपमानाची कथा सांगताना आपला मध्यमवर्ग येथवर मोठ्या आवेशाने येतो आणि थांबतो. आम्हांस येथूनच पुढे जावयाचे आहे. कारण साहेबाने जे कचेरीत केले, ते आपण गावात त्याच्या कितीतरी आधीपासून करीत होतो. अस्पृश्याने सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्यात, पाटला-देशमुखाच्या वाड्यासमोर अनवाणीच उभे राहावे, हा रिवाज कोणत्याही परकीयाने आणलेला नव्हता. येथे तर जोडे काढूनही आत प्रवेश नव्हता. पाहुणा जोडे काढतो तो आत येण्यासाठी. त्याने काढावयाचे ते बाहेरच राहण्यासाठी. पंढरपुरास विठ्ठलाच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी पायरीच्या बाहेर आहे. ती पाहिल्यावर आपल्या संस्कृतीत उंबरठ्याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर घडलेला प्रसंग कार्यकर्त्यांनी विसरू नये. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्यांकडे निघाले असता वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी तेथील हौदाच्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा ओरडा झाला, जमाव चालून आला, आणि पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना किल्ला पाहावा लागला. ओरडणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी ही घटना स्वतः लिहून ठेवली, ती अस्पृश्यता एकाच धर्माच्या चौकटीत मावत नाही हे दाखवण्यासाठी. धूळभरले पाय धुणे ही स्वच्छताच होती. मग बाटले काय? मळ पायांवर नव्हताच. तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता.

हा केवळ इतिहास आहे, असे कोणी म्हणू नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली आणि २०१६ च्या जानेवारीपासून जी अमलात आली, तिच्यात दलित-आदिवासींना सार्वजनिक जागी पादत्राणे घालण्यास अडथळा करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवावा लागला. स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षांनी देशाच्या संसदेला माणसाच्या पायांतील चपलेसाठी कलम लिहावे लागते, ही सुखाची गोष्ट नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये तामिळनाडूतील तिरुप्पूर जिल्ह्याच्या राजावूर गावी साठ दलित स्त्री-पुरुष एका सवर्ण वस्तीच्या रस्त्यावरून प्रथमच चपला घालून चालत गेले. वर्तमानपत्रांत ती लहानशी बातमी होती. आमच्या मते ती त्या महिन्यातील मोठी राजकीय घटना होती.

आता श्रमाच्या बाजूने पाहू. ज्या चामड्याला आपण उंबरठ्याबाहेर ठेवतो, ते कमावणारे आणि शिवणारे हातही आपण शतकानुशतके उंबरठ्याबाहेरच ठेवले. वस्तू वापरायची आणि कर्त्याला वर्ज्य मानायचे, हा जातिव्यवस्थेचा अर्थशास्त्रीय गाभा आहे. सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. बाराव्या शतकातील शरणांच्या परंपरेत अशी कथा आहे की हरळय्या या चर्मकार शरणाने स्वतःच्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे बसवण्णांसाठी केली आणि बसवण्णांनी ती पायांत न घालता मस्तकी धरली. पुढे त्याच हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झाला, तेव्हा बिज्जल राजाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला. पादत्राण डोक्यावर घेणे चालले. रोटी-बेटीचा उंबरठा ओलांडणे चालले नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरी वहाणांचाच घाट उचलला आणि प्रथम कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला. तो योग्यच होता. पण ती वहाण करणाऱ्या कारागिराच्या घरी चहा न घेणाऱ्यांनीही तो संताप व्यक्त केला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि ज्या फरशीच्या स्वच्छतेसाठी एवढा खटाटोप, ती फरशी पुसते कोण? सिडकोतील आणि नव्या वसाहतींतील सदनिकांमध्ये सकाळी सहापासून बाया कामाला येतात. त्यांच्या चपला चपलांच्या घडवंचीवर नसतात, जिन्याच्या कोपऱ्यात असतात. कित्येक घरांत त्यांचा कप वेगळा असतो, कित्येक इमारतींत त्यांनी कोणती लिफ्ट वापरावी हेही ठरलेले असते. गॅसचे सिलिंडर खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणणाऱ्या मजुराला ‘चप्पल बाहेर’ असे दारातून ओरडून सांगितले जाते. त्याच घरी साहेबांचे वरिष्ठ अधिकारी बुटांसह येतात आणि ‘असू द्या, असू द्या’ म्हणून त्यांना आत नेले जाते. नियम स्वच्छतेचा असेल, तर तो अधिकाऱ्याच्या बुटालाही लागू होतो. बूट पाहून जो नियम वाकतो, तो स्वच्छतेचा नियम नव्हे. तो वर्गाचा नियम आहे. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत माणुसकीच न्यावी लागते.

घर ही खाजगी जागा आहे, तेथे कोणी कसे यावे हे घरधन्याने ठरवावे, असा आक्षेप घेतला जाईल. जोडे काढण्यापुरता तो मान्य आहे. किंबहुना आमचे मत असे की ही रीत चांगली आहे आणि ती राहावी. रस्त्यावरील घाण, थुंकी आणि गटाराचे पाणी घरात रांगणाऱ्या मुलापर्यंत जाऊ नये, याला शास्त्राचा आधार आहे. परंतु त्याच शास्त्राने हेही सांगितले आहे की अनवाणी पायांतून अंकुशकृमी शरीरात शिरतो आणि शेतमजुराचे रक्त शोषतो. म्हणून ज्याच्या घरात जोडे काढण्याची शिस्त आहे, त्याने रानात राबणाऱ्या प्रत्येकाच्या पायांत जोडे असावेत याचीही तळमळ बाळगावी. एकाच आरोग्यविचाराच्या या दोन बाजू आहेत. घराच्या खाजगीपणाच्या नावाखाली माणसांची प्रतवारी करण्याचा अधिकार मात्र कोणास नाही.

कार्यकर्त्यांपुढे आम्ही साधी कसोटी ठेवतो. जोडे काढायचे तर सर्वांनी काढावेत, घरधन्यानेही. काढलेले जोडे एकाच जागी, शेजारी शेजारी राहावेत. जोडे काढलेला माणूस आत यावा, त्याला तीच सतरंजी आणि तोच पेला मिळावा. वृद्ध, अपंग वा पायाला जखम असलेला पाहुणा असेल तर रीत वाकावी, माणूस नव्हे. आणि वंशाच्या, संस्कृतीच्या बढाया कोणी मारू लागला तर त्याला एवढेच विचारावे, की तुमच्या घरी कालपर्यंत कोण कोण आत येत होते?

आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मंत्र्याच्या पुतळ्याला ‘जोडे मारो’ हा आपला आवडता कार्यक्रम होऊन बसला आहे. जोडा मारण्यात अपमान आहे असे आपण मानतो, ते चामडे आणि पाय हीन असल्याच्या जुन्याच समजुतीवर. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण स्त्रियांना आणि दलितांना जागा दाखवण्यासाठी ज्यांनी वापरली, त्यांचीच भाषा क्रांतीच्या नावाने आपण का बोलावी? निषेधाचे दुसरे मार्ग आपणास ठाऊक आहेत.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या लाल झेंड्याखाली हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईस आले. अनेकांच्या चपला वाटेत तुटल्या, तळव्यांची सालटी निघाली. तेव्हा मुंबईतील सामान्य माणसे पाण्याबरोबर चपलाही घेऊन रस्त्यावर आली. त्यांनी कोणाची जात विचारली नाही. वहाणेचा जो अर्थ त्या दिवशी रस्त्यावर सिद्ध झाला, तोच आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावर नेणे, हे काम मोर्चापेक्षा लहान नाही.