आयएसओचं जानवं आणि आपल्या पोरांचं दुकान

वर्धा जिल्ह्यात सध्या उद्योजकता शिबिरांचं पीक आलं आहे. मंचावर बाबासाहेबांचा फोटो, खुर्च्यांवर आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेली आपली पोरं आणि माईकवर एक प्रशिक्षक. सीसीटीव्ही बसवणाऱ्या पोरांना तो हमखास सांगतो की आयएसओ काढा, उद्योग संघटनेची मान्यता घ्या, कंपनीचं 'अधिकृत इन्स्टॉलर' पत्र भिंतीवर लावा, काम चालत येईल. आम्ही याला अर्धसत्य म्हणतो. आणि या अर्धसत्याचे पैसे प्रशिक्षकाच्या नाही, आपल्या पोरांच्या खिशातून जातात.

हा धंदा चालतो कसा ते आधी बघा. हिंगणघाटचा जिनिंगवाला, आर्वीचा कृषी केंद्रवाला, वर्ध्याचा सराफ कॅमेरे लावताना प्रमाणपत्र मागत नाही. तो शेजारच्या दुकानदाराला विचारतो, "तुमच्याकडे कोणी लावले? माणूस ओळखीचा आहे का?" कारण कॅमेरा लावणारा गल्ल्यापर्यंत जातो, गोदामात शिरतो, डीव्हीआरचा पासवर्ड त्याला माहीत असतो. म्हणजे इथे विकला जातो तो विश्वास. आणि या देशात विश्वासाचा पुरवठा आडनाव बघून होतो, हे आम्ही नव्याने सांगायला नको. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 548 नोकऱ्यांच्या जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवून बघितले. पात्रता सारखी, फरक फक्त नावात. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं कमी आलं. 2007 साली हा अभ्यास छापून आला. तिथे तर खासगी कंपन्यांची शिकलेली माणसं निवड करत होती, बाजारपेठेतला सराफ नव्हे.

याहून मोठा दाखला हवा असेल तर 1917 नंतरची मुंबई आठवा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक तुटलं. कोलंबियाहून मोठी मान्यता कोणती आणणार? जे कोलंबियाला जमलं नाही ते चौकातल्या एजंटाकडून काढलेल्या आयएसओला जमेल, असं सांगणाऱ्याने आधी आपला इतिहास वाचावा.

आता त्या आयएसओबद्दल. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानकं ठरवते. प्रमाणपत्र देतात वेगळ्या संस्था, आणि त्या संस्थांना मान्यता देणारं मंडळ भारतात एनएबीसीबी आहे. ज्या कागदामागे अशी मान्यता नाही तो कागद टेंडर समिती बाजूला ठेवू शकते. दोन दिवसांत, दुकान न बघता, फोनवर मिळालेलं प्रमाणपत्र म्हणजे विकत घेतलेलं जानवं. ते घालून कोणी ब्राह्मण होत नाही आणि झालंच तरी आपल्याला ते नको आहे!

इंग्लंडमध्ये मान्यतेचा उपयोग होतो, कारण तिथे तिच्यामागे पोलीस उभे आहेत. मान्यताप्राप्त कंपनीने बसवलेला घरफोडीचा अलार्म वाजला तरच पोलीस धावून येण्याची व्यवस्था मिळते. त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःहून मान्यता विचारतं. आपल्याकडे असा कोणताही धागा नाही. 2005 चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा पहारेकरी पुरवणाऱ्यांसाठी आहे. 9 एप्रिल 2025 पासून लागू झालेली सरकारी अट कॅमेऱ्याच्या तपासणीची आहे, कॅमेरा बसवणाऱ्या हातांची नाही. तो कागद असतो कंपनीकडे. टेंडरला तो जोडायचा तर कंपनीचं अधिकारपत्र लागतं आणि ते कोणाला द्यायचं हे कंपनी आणि तिचा जिल्ह्यातला मोठा डीलर ठरवतात. मान्यतेच्या साखळीत आपला पोरगा नेहमी शेवटच्या कडीला लोंबकळत असतो.

मग सगळी कागदं फेकून द्यायची का? नाही. जिथे कागदावाचून दारच उघडत नाही तिथे कागद लागतोच, आणि तो नेमका कोणता हे शिबिरात कोणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाची 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. शिवाय बयाणा रक्कम माफ. आपल्या जिल्ह्यातून रेल्वे जाते, पुलगावला संरक्षण मंत्रालयाचं दारूगोळा भांडार आहे. दार आहे, पण दारात खड्डा आहे. हे धोरण स्वतः वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला लागू आहे, व्यापाऱ्याला नाही. आपली पोरं उद्यम नोंदणी करताना कॅमेरे 'विकतो' असं लिहून किरकोळ व्यापाराचा कोड टाकतात आणि पुढे बयाणा माफी नाकारली की जातीला दोष द्यावा की नशिबाला हेच कळत नाही. उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात सुरक्षा यंत्रणांच्या सेवेला 8020 हा स्वतंत्र वर्ग आहे. तो टाका. उद्यमवर सामाजिक प्रवर्ग नोंदवा. कॅमेरे पुरवण्याच्या टेंडरमागे धावण्याऐवजी वार्षिक देखभाल-दुरुस्तीच्या कामांवर लक्ष ठेवा, कारण ती निखळ सेवा आहे. ही तीन कामं भिंतीवरच्या दहा फ्रेमपेक्षा जास्त उपयोगाची आहेत, आणि उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत.

तरीही फसू नका. 4 टक्के हे लक्ष्य आहे, आणि देशभराची प्रत्यक्ष खरेदी त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. 2016 साली गाजावाजा करून राष्ट्रीय एससी-एसटी हब सुरू झालं, त्यानंतरही नाही. दोष पोरांकडे प्रमाणपत्र नसण्यात असेल, तर इतक्या वर्षांच्या हबने काय केलं? विकत घेणाऱ्याची इच्छा हाच खरा प्रश्न आहे.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंचं हॉटेल आठवा. गंगारामकडे कोणती मान्यता होती? शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा प्यायचे, सोबतच्या सवर्ण मंडळींना पाजायचे. राज्यकर्ता गिऱ्हाईक झाला. महाराज 'आधी स्वच्छतेचं प्रमाणपत्र काढ, मग बघू' म्हणाले असते तर गंगारामची किटली थंडच राहिली असती. आज राज्यकर्ता म्हणजे सरकारी खरेदी. मध्य प्रदेशने 2002 च्या भोपाळ जाहीरनाम्यानंतर सरकारी खरेदीत दलित-आदिवासी पुरवठादारांसाठी 30 टक्के वाटा ठरवला होता. कर्नाटकाने तर कायदाच केला. 50 लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के, आणि पुढे ती मर्यादा वाढवत नेली. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राने असा कायदा कर्नाटकाच्या मागून तरी करावा.

आणि काम नाही असं कोणी म्हणू नये. बदलापूरच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळांना कॅमेरे सक्तीचे झाले. प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे लावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2 डिसेंबर 2020 चा आहे. (कोठडीत कोण मरतं हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ते कॅमेरे चालू आहेत का हा आपला वेगळा, आणि कामापेक्षा मोठा, प्रश्न आहे.) देवळीपासून आष्टीपर्यंत आठ तालुक्यांतल्या शाळांची ही कामं कोणी केली, किती रकमेला, आणि त्यात अनुसूचित जातीचे किती, हे जिल्हा परिषदेला विचारता येतं.

म्हणून पुढच्या शिबिराला जाल तेव्हा फाईल नव्हे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन जा. अर्जाला दहा रुपये लागतात. एक मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाला, एक पुलगावच्या भांडाराला: गेल्या तीन आर्थिक वर्षांत एकूण खरेदी किती, अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून किती, सीसीटीव्हीच्या देखभालीची कंत्राटं कोणाला, आणि बयाणा माफीचे किती अर्ज कोणत्या कारणाने फेटाळले. उत्तर तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील. उत्तरं आली की ती घेऊन आम्ही जिल्ह्यातल्या पोरांना एकत्र बसवणार आहोत.