डॉक्टर, आपला दंड पुढे करा

बालरोगतज्ज्ञाला न शोभणारी एक कबुली देऊन या लेखाचा प्रारंभ करतो. मला सुईची भीती वाटते. गेली वीस-पंचवीस वर्षे काचीगुड्यातील माझ्या दवाखान्यात मी हजारो बालकांना लसी टोचल्या. परंतु सुईचे टोक माझ्या दिशेने वळले की तळहातांना घाम फुटतो, कान गुणगुणू लागतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या हैदराबादेत मुले तीन भाषांत रडतात. मराठी मूल ‘सुई नको’ म्हणते, तेलुगू मूल ‘सूदी वद्दु’ आणि दखनी बोलणारे मूल ‘सुई नक्को’. तो ‘नक्को’ कानी पडला की वाटते, हे लेकरू माझ्याच मनातले बोलत आहे.

भीती वाटणे हा अपराध नव्हे. तिच्यापायी मी जे टाळले, तो मात्र अपराध होता.

स्वाइन फ्लूचा देशातील पहिला रुग्ण मे २००९ मध्ये आपल्याच शहरात आढळला. ऑगस्टमध्ये पुण्यात पहिला बळी गेला, तोही एका शाळकरी मुलीचा. २०१० साली लस आली. तिचे महत्त्व मी पालकांना तळमळीने सांगत असे. स्वतः मात्र घेतली नाही. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण’ ही म्हण जणू माझ्यासाठीच होती.

२०१५ च्या जानेवारीत या विषाणूने तेलंगणात पुन्हा थैमान घातले. त्या दिवसांत मला किंचित कणकण होती. साधे पडसे समजून मी दोन दिवस दवाखाना चालू ठेवला. तिसऱ्या दिवशी ताप १०३ अंशांवर गेला. आठवड्याभरात घरी पंचाहत्तरीची आई न्यूमोनियाने आजारी पडली. बारा दिवसांनी ती रुग्णालयातून घरी आली, परंतु गच्चीवरील तुळशीला पाणी घालण्यासाठी पुन्हा कधी जिना चढली नाही. संसर्ग माझ्याकडूनच झाला हे शास्त्राच्या कसोटीवर मी सिद्ध करू शकत नाही. झाला नाही, असेही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आईने मला त्याविषयी एका शब्दानेही विचारले नाही. त्या दोन दिवसांत मी तपासलेल्या तान्ह्या बाळांचे पुढे काय झाले, हे शोधण्याचे धैर्य मला झाले नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही. त्याचे रक्षण त्याच्या भोवतालच्या मोठ्या माणसांनीच करावयाचे असते, आणि त्या माणसांत त्याचा डॉक्टरही येतो.

व्यवसायबंधु-भगिनींनो, आपल्यापैकी कितीजण दर वर्षी ही लस घेतात? न घेण्याची कारणे आपणा सर्वांना पाठ आहेत. ‘लशीनेच फ्लू होतो.’ टोचण्याच्या लशीतील विषाणू निष्क्रिय असतो. दंड दुखेल, एखादा दिवस अंग कसकसेल, परंतु त्यामुळे फ्लू होणे शक्य नाही. ‘दर वर्षी कशाला?’ विषाणू रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीच्या घटकांचा फेरविचार करते. ‘लस घेऊनही फ्लू होतोच.’ खरे आहे. संरक्षण पूर्ण नसते. परंतु गंभीर आजाराचा धोका कमी होतो, हे आपण रुग्णांना सांगतोच. मला असे वाटते की यांतील काही आक्षेपांच्या मुळाशी साधी सुईची भीती असते. सामान्य माणूस भीतीला भीती म्हणतो; आपण डॉक्टर तिला शास्त्राचे वस्त्र नेसवतो. मी स्वतः पाच वर्षे तेच केले.

या भीतीवर उपाय आहे, तो मनगटात नव्हे तर स्नायूंत! सुई दिसताच काहींची नाडी प्रथम वेगाने चालते, मग एकाएकी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. अशा व्यक्तीला ‘अंग सैल सोडा’ असे सांगून उपयोग नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ ऑस्ट यांनी नेमका उलटा मार्ग सुचवला. हातापायांचे व पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडावेत, अर्धा मिनिट थांबून पुन्हा आवळावेत. असे पाच वेळा करावे. टोचावयाचा दंड तेवढा सैल ठेवावा. लस निजून घ्यावी आणि नंतर पंधरा मिनिटे उठू नये. मी २०१५ पासून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, माझ्याच तपासणीच्या टेबलावर निजून, भिंतीकडे तोंड करून लस घेतो. भीती गेलेली नाही. ती जाण्याची वाट पाहणे मात्र मी सोडले आहे.

मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्यापुढे धोका अज्ञात होता; आपल्यापुढे आहे तो अर्धा मिलिलीटर परिचित द्रव. शांता बायोटेक्निक्सची हिपॅटायटिस बी लस १९९७ साली याच शहरातून बाहेर पडली, कोव्हॅक्सिनही येथीलच. लशींच्या या नगरीतील डॉक्टरांचे दंड कोरे राहावेत, हे लाजिरवाणे आहे.

म्हणून दोन विनंत्या. पावसाळ्याआधीच्या आपल्या सभेत एक खाट, एक पडदा आणि लशींची पेटी ठेवावी. सभासदांनी घ्यावी आणि आपल्या परिचारिका, मदतनीस, स्वागतिका यांनाही द्यावी. ज्याला भोवळ येते त्याने तसे आधी सांगावे. त्यास कोणी हसू नये. दुसरी विनंती आपल्या घरांसाठी. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील’ हे वाक्य आपण कायमचे टाकून द्यावे. सुई ही शिक्षा नव्हे.

अलीकडे एखादे मूल ‘नक्को’ म्हणून रडले की मी त्याला दटावत नाही. ‘मलाही नको वाटते, तरी मी घेतो,’ असे सांगतो. मूल क्षणभर रडणे थांबवून माझ्या दंडाकडे पाहते. त्याला फसवल्यासारखे आता वाटत नाही.