पुसट ठसे आणि रिकामी खिडकी

नोव्हेंबर महिना जवळ आला की दवाखान्यात एक निराळीच तक्रार घेऊन वृद्ध रुग्ण येऊ लागतात. "डॉक्टर, बोटं उमटत नाहीत. काही मलम असेल तर द्या." वरवर पाहता ही तक्रार त्वचेची, मूळ मात्र निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यात असते.

पूर्वी हा दाखला बँकेच्या खिडकीवर मिळे. पलीकडे बसलेला कारकून चेहऱ्याने ओळखणारा असे. सही थरथरली तरी त्याला माणूस कळे. 10 नोव्हेंबर 2014 रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही आधारशी जोडलेली सोय सुरू केली आणि सहीच्या जागी बोटाचा ठसा आला. गैरसोय दूर व्हावी, हाच तिचा हेतू होता आणि असंख्य लोकांची ती दूर झालीही. भारतातले पहिले एटीएम 1987 साली मुंबईत सुरू झाले. त्यानंतर पासबुक छापणारी यंत्रे आली आणि दूरध्वनीवर मुद्रित आवाज आले. गुडघे धरलेल्या माणसाला रांगेत उभे राहावे लागत नाही, हा लाभ मी वैद्य म्हणून नाकारणार नाही. मात्र यंत्राने ओळखले नाही, तर दाद मागायची कोणाकडे?

हा प्रश्न आपल्या संगमनेरात विशेष तीव्र आहे. या शहरात विडी वळण्याच्या कामावर कित्येक स्त्रियांनी संसार उभे केले. ओलसर पाने कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे, हे सारे बोटांच्या टोकांवर चालते. उतारवयात त्यांपैकी अनेकींना 'ईपीएस-95' योजनेचे तुटपुंजे निवृत्तिवेतन मिळते. ज्या कामाने ते मिळवून दिले, त्याच कामाने बोटांवरच्या रेषा झिजवलेल्या असतात. गवंडीकाम, धुणीभांडी आणि शेतातली खुरपणी करणाऱ्यांचीही हीच गत.

बोटे का उमटत नाहीत?

तळहात आणि बोटांच्या टोकांवर तेलग्रंथी नसतात. तेथला ओलावा घामावर अवलंबून असतो. वयाबरोबर घाम कमी होतो, त्वचा पातळ व कोरडी होते आणि रेषांचे उंचवटे सपाट होत जातात. काही औषधांचाही परिणाम होतो. कर्करोगावरील कॅपेसिटाबिन या गोळ्यांमुळे ठसे पुसट झालेल्या सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर काही तास अडवून ठेवले गेले होते. 2009 साली ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

दूरध्वनीची कथाही अशीच. वार्धक्यात प्रथम उच्च कंपनांचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ ही व्यंजने निसटतात. समोर माणूस असला तर ओठांच्या हालचालींवरून अर्थ लागतो, पुन्हा विचारता येते. मुद्रित आवाज थांबत नाही. पाचवा पर्याय ऐकेपर्यंत पहिला विसरला जाणे हे वयोमानाने स्वाभाविक आहे, त्याला स्मृतिभ्रंश म्हणू नये.

परंतु वृद्ध माणूस दोष यंत्राला देत नाही, स्वतःला देतो. "आता आपल्याला काही जमत नाही" असे एकदा मनाने घेतले की बँकेत जाणे थांबते. पिन दुसऱ्याच्या हाती जातो, आणि पैशाबरोबर घरातला शब्दही जातो. खिडकीवरची दोन मिनिटांची विचारपूस, हा कित्येक एकट्या माणसांचा दिवसभरातला एकमेव संवाद असे. नेदरलँड्समध्ये एका किराणा दुकानसाखळीने 2019 साली फ्लेमेन या गावी गप्पा मारत पैसे देण्याची मुद्दाम सावकाश खिडकी उघडली, ती वृद्धांच्या एकाकीपणावर उपाय म्हणूनच. यंत्रांच्या देशालाही माणसाची खिडकी परत आणावीशी वाटली.

कुटुंबाने काय करावे?

दाखल्याच्या आधी दहा-पंधरा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. त्या दिवशी मात्र कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत. तेलकट बोट उमटत नाही. एक बोट चालले नाही तर दहाही वापरून पाहावीत. ठसा जमलाच नाही तर स्मार्टफोनवर चेहरा दाखवून दाखला काढण्याची सोय आहे. पोस्टमनही अल्प शुल्कात घरी येऊन हे काम करतात. 'ईपीएस-95'चा दाखला वर्षातून केव्हाही देता येतो आणि तेथून वर्षभर चालतो. त्यासाठी नोव्हेंबरच्या गर्दीत शिरण्याचे कारण नाही.

रिझर्व्ह बँकेने 9 नोव्हेंबर 2017 रोजी बँकांना स्पष्ट सूचना दिल्या आहेत: ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खिडकी किंवा अग्रक्रम असावा, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना रोख रक्कम व हयातीच्या दाखल्याची सेवा घरपोच मिळावी. ही मेहेरबानी नव्हे. शाखेत जाऊन निःसंकोच मागावी.

आईवडिलांचे व्यवहार त्यांच्या हातून काढून घेऊ नका. शेजारी उभे राहा, बोट त्यांचेच असू द्या. पिन व ओटीपी अनोळखी 'मदतनिसाला' सांगू नये, हे त्यांना समजावा. फसवणूक झालीच तर तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे.

एक गोष्ट मात्र दुर्लक्षू नये. वर्षानुवर्षे एटीएम सहज वापरणारी व्यक्ती काही महिन्यांत त्याच पायऱ्या विसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. मोतीबिंदू, बहिरेपणा, थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव किंवा नैराश्य, यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते आणि यांतील बहुतेकांवर उपचार आहेत.

बँका, पतसंस्था आणि आम्हा डॉक्टरांचे दवाखाने, सर्वांनीच यंत्रे जरूर आणावीत. मात्र शेजारी एक खुर्ची माणसासाठी राखून ठेवावी, आणि ठसा उमटला नाही तरी समोरचा माणूस जिवंत आहे हे मान्य करण्याचा अधिकार त्या खुर्चीला असावा.